पित्त खवळतं, ते कुणाचं?

संध्याकाळी नोएडाच्या सेक्टर ६२ च्या वळणावर वाहनं खोळंबतात. पुढची गाडी हलणं शक्य नाही, हे दिसत असूनही मागच्याचा तळहात हॉर्नवरून निघत नाही. मराठी माणूस वैतागून म्हणतो, 'डोकं फिरलं!'

चिडक्या माणसासाठी इंग्रजीत असलेला 'टेस्टी' हा शब्दही डोक्यातूनच निघालाय. जुन्या फ्रेंचमध्ये 'टेस्ट' म्हणजे डोकं. चवदार 'टेस्टी'शी त्याचं काही नातं नाही, हे बरंच म्हणायचं. तापट माणसासाठीच्याच 'कोलेरिक'च्या मुळाशी ग्रीक 'खोले', म्हणजे पित्त, तर 'स्प्लेनेटिक'च्या मुळाशी प्लीहा. ग्रीक वैद्य स्वभावाचं खापर शरीरातल्या रसांवर फोडत. आपलंही पित्तच खवळतं की!

मग दोष माणसाचा, की पित्ताचा?

गीता पोटाला जबाबदार धरत नाही. दुसऱ्या अध्यायातल्या ६२ व्या श्लोकात विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम आणि कामातून क्रोध येतो. उलट २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात शिरलेला 'हँग्री', म्हणजे भुकेनं चिडलेला, पुन्हा पोटाकडेच बोट दाखवतो.

ताटीच्या अभंगांमागची कथा मात्र वेगळी. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईनं काढा उकळला नाही. ती दाराशी उभी राहून त्यांना समजावत राहिली.