सहाव्या हिश्शाचा धनी

1 नोव्हेंबर 2020 रोजी पणजीला मांडवी नदीत नांगरलेले कॅसिनो सात महिन्यांच्या बंदीनंतर पुन्हा उजळले. त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या बाजार समितीत येणाऱ्या उन्हाळ कांद्याला मात्र परदेशाची वाट बंद होती. 14 सप्टेंबरला केंद्राने घातलेली निर्यातबंदी उठायला 1 जानेवारी 2021 उजाडला. ‘शेती म्हणजे जुगारच’ असं मोसम खोऱ्यातला शेतकरी सहज बोलून जातो. पण बागलाणात कांदा पाच-सहा महिने चाळीत राखला जातो तो डाव टाकायची हौस म्हणून नव्हे. भाव पडला, निम्मा माल सडला, तरी लिलावाला उभ्या ट्रॉलीत कांदा असतो आणि कुणाच्या तरी घरी त्याची भाजी होते.

कॅसिनोच्या टेबलावरून काय निघतं?

महामारीनंतर या धंद्याच्या ‘सावरण्या’बद्दल अर्थविषयक पानांवर पुष्कळ छापून आलं. जुगाराची जागतिक राजधानी मकाव. तिथल्या कॅसिनोंचं उत्पन्न 2019 मध्ये सुमारे 292 अब्ज पटाका (तिथलं चलन) होतं, ते 2020 मध्ये 60 अब्जांवर आणि 2022 मध्ये 42 अब्जांवर घसरलं. 2024 मध्ये ते पुन्हा 226 अब्जांपुढे गेलं. अमेरिकेने तर 2020 मधल्या 30 अब्ज डॉलरवरून पुढच्याच वर्षी 53 अब्जांची उडी मारली, तीही महामारीपूर्वीचा आकडा मागे टाकून. गोव्यात डेल्टिन नावाने जहाजं चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पची उलाढाल 2022-23 मध्ये 1,000 कोटींच्या पुढे पोहोचली.

आता हे उत्पन्न मोजतात कसं? लोकांनी लावलेल्या रकमेतून जिंकणाऱ्यांना परत दिलेली रक्कम वजा करायची. उरलं ते उत्पन्न. म्हणजे खेळणाऱ्या सगळ्यांनी मिळून जे गमावलं, त्याचीच ही बेरीज. मकाव सावरलं याचा अर्थ माणसं पुन्हा पूर्वीच्या जवळपास हरू लागली.

करमणूक म्हटली की पैसे जाणारच, सिनेमालाही जातात, असा बचाव होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. फक्त सिनेमाचं तिकीट किती रुपयांचं, हे आत जाण्याआधी कळतं. एका शून्याच्या रूलेत 37 घरं असतात. एका आकड्यावर लावलेला पैसा लागला तर नफा 35 पट मिळतो. दर डावाला सरासरी 2.7 टक्के कॅसिनोचे. ऐकायला क्षुल्लक. पण तेच पैसे रात्रभर पुन्हापुन्हा त्याच हिरव्या कापडावर फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीला थोडे झिजतात.

धर्मपरंपरेने जुगाराला सरसकट पाप ठरवलं, असा समज आहे. तो खरा नाही. बलिप्रतिपदेला द्यूत खेळण्याची शास्त्रातच मुभा आहे, आणि वेरूळच्या 29 व्या लेण्यात खुद्द शिवपार्वती सोंगट्या खेळताना कोरलेले आहेत. दुसऱ्या बाजूला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हरलेल्या जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रात तर श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्यातच द्यूत येतं. गुजरातेतले प्रधानपुत्र हरपाळदेव, म्हणजेच पुढचे चक्रधर, द्यूतात हरतात, देणं फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात, ती साफ नाही म्हणते. देणं अखेर वडील फेडतात, पण हरपाळदेवांचं मन संसारातून उठतं आणि ते रामटेकच्या वाटेला लागतात. संप्रदायाच्या कथेत पुढचं सगळं या नकारानंतर घडतं, तरी कमळाइसेचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

महाभारतातल्या द्यूतावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. बोट नेहमी धर्मराजाच्या व्यसनाकडे आणि शकुनीच्या फाशांकडे जातं. खेळासाठी सभा मात्र धृतराष्ट्राने बांधून घेतली. विदुराने नको म्हटल्यावरही निमंत्रण धाडलं ते त्यानेच. फासे कुणी टाकले यापेक्षा मंडप कुणाचा होता, हा प्रश्न अवघड आहे. भीष्मासारखा जाणता द्रौपदीला उत्तर देऊ शकला नाही, कारण तोही त्याच मंडपात मानाने बसला होता.

मंडपाबद्दल आपल्या शास्त्रकारांचं एकमत नव्हतं. मनूने राजाला सांगितलं, द्यूत राज्यातून हाकलून दे. याज्ञवल्क्य व्यवहारी. राजाच्या देखरेखीखाली खेळ चालू द्यावा, अड्डेवाल्याने जिंकलेल्या रकमेतून ठरलेला वाटा घ्यावा आणि त्यातला राजाचा भाग राजाला पोचवावा, अशी त्याची व्यवस्था. कौटिल्य आणखी पुढे गेला. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी व्हावा असं ठरवलं, फासे सरकारने पुरवायचे, त्यांचं भाडं घ्यायचं आणि जिंकलेल्यातले पाच टक्के तिजोरीत. चोर हुडकायलाही ही सोय बरी, असा त्याचा हिशेब.

गोवा कौटिल्याच्या वाटेने गेला. 1976 चा तिथला जुगारबंदी कायदा 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांपुरता सैल झाला, पुढे जहाजांपुरता. आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून, म्हणजे महामारीच्या तोंडावर, गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई झाली. धर्मदृष्ट्या या नियमाइतकं बोलकं काही नाही. आपल्या माणसाला हे बाधतं, असं राज्याला पटलेलं आहे. नाशिक, पुणे, बेळगावहून येणाऱ्याच्या बाबतीत मात्र तेच राज्य निश्चिंत आहे. शेजाऱ्याच्या पोराला दारू ओतून देणाऱ्या घरमालकाने स्वतःच्या पोराला खोलीत कोंडून ठेवावं, तसा हा प्रकार.

केंद्रालाही या मंडपाचं भाडं हवंच. जुलै 2023 मध्ये जीएसटी परिषदेने कॅसिनोवर पूर्ण रकमेवर 28 टक्के कर ठरवला. पुढच्या महिन्यात तो आत शिरताना घेतलेल्या चिप्सच्या किमतीपुरता असल्याचं स्पष्ट केलं. सप्टेंबरमध्ये डेल्टा कॉर्प आणि तिच्या उपकंपन्यांना मागच्या वर्षांच्या करापोटी सुमारे 16,800 कोटींच्या नोटिसा गेल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्के झाला. नामपूरच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर लावलेलं शुल्कही 40 टक्केच होतं. कॅसिनोचा कर वाईट मानलेल्या गोष्टीवर, कांद्याचं शुल्क शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून. वसुलीच्या टक्क्यांवरून पाप-पुण्य ठरवायला बसलं तर जिन्नस ओळखू येणार नाही.

मनूच्याच आठव्या अध्यायात राजाच्या वाट्याचा एक हिशेब आहे. प्रजेचं नीट रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा हिस्सा मिळतो, न करणाऱ्याला पापाचा. आधुनिक राज्याने करातला हिस्सा घेतला, या दुसऱ्या हिश्शाची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात नाही. सटाणा-मालेगावकडचा एखादा तरुण डाळिंबाचे पैसे मांडवीवर घालवून आला, तर कर गोव्याच्या आणि केंद्राच्या खात्यात जमा होतो आणि सावकाराचा तगादा बागलाणातल्या घरी येतो. सहावा हिस्सा मग कुणाच्या नावावर चढवायचा?

महाराष्ट्राला यात हात झटकून मोकळं होता येत नाही. गोव्याने कायदा केला त्याच 1976 साली महाराष्ट्रानेही कॅसिनोंना परवाने देणारा कायदा मंजूर केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. 47 वर्षं दार ना उघडं ना बंद. त्या सगळ्या काळात आणि त्यानंतरही, 1969 साली सुरू झालेली महाराष्ट्र राज्य लॉटरी सोडतीमागून सोडत काढत राहिली, दिवाळीची भव्यतम सोडत धरून.