कपातले दोन भोवरे

सकाळच्या चहावर साय धरली की मी चमचा कपाच्या मधोमध सरळ ओढतो. साय मधून पुढे सरकते आणि दोन्ही कडांनी वळून मागे येते. डावीकडे एक भोवरा, उजवीकडे एक. (घरात यावरून बोलणी बसतात, तो भाग वेगळा.)

ध्रुवावर, शंभर किलोमीटरच्या वर, हेच चालू असतं. तिथला चमचा म्हणजे सौरवारा. त्याच्या ओढीने विद्युतभारित विरळ वायू, म्हणजे प्लाझ्मा, दिवसाच्या बाजूकडून ध्रुव ओलांडून रात्रीकडे वाहतो आणि जरा खालच्या अक्षांशांवरून परततो. वेग सेकंदाला काहीशे मीटर, कधी किलोमीटरच्याही पुढे.

डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. १९८३ साली कॅनडात, लॅब्राडोरमधल्या गूज बे इथे त्यासाठी एक रडार उभं राहिलं. आज दोन्ही ध्रुवांभोवती अशा तीसहून अधिक रडारांचं जाळं आहे, सुपरडार्न नावाचं. रेडिओलहरी प्लाझ्मातल्या बारीक खळबळीवरून परततात आणि त्यांची कंप्रता किती सरकली, त्यावरून वेग कळतो. तोही अर्धाच. प्रवाह आपल्याकडे येतोय की दूर जातोय, एवढंच एका रडारला उमगतं. आडवा किती गेला हे सांगायला दुसऱ्या कोनातून पाहणारा जोडीदार लागतो. शिवाय मोठ्या भूचुंबकीय वादळात खालच्या थरातच लहरी शोषल्या जातात, म्हणजे ऐकायची खरी गरज तेव्हाच कान बंद. मग नकाशातल्या रिकाम्या जागा जुन्या मोजमापांच्या सरासरीने भरतात.

वरच्या वातावरणाची संगणकी प्रारूपं बरेचदा नुसत्या अशा सरासरी नकाशांवरच चालवली जातात. इथे गोम आहे. वाहता प्लाझ्मा तिथल्या हवेला घासतो आणि हवा तापते. ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह काही मिनिटं सेकंदाला ५०० मीटर वेगाने पूर्वेला आणि तितकाच वेळ तितक्याच वेगाने पश्चिमेला गेला, तर सरासरी शून्य. हवा मात्र दोन्ही वेळा तापलेली. १९९५ साली कोड्रेस्कू आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं: चढउतार गाळून टाकले की प्रारूपातली उष्णता कमी भरते. पावसाने सरासरी गाठली अशी बातमी येते आणि महिनाभर कोरडं गेलेलं रान दोन दिवसांत वाहून गेलेलं असतं, त्यातलाच प्रकार.

तापलेली हवा फुगून वर चढते आणि कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना अडवते. फेब्रुवारी २०२२मध्ये सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक असेच खाली आले, आणि वादळ तर किरकोळच होतं.

म्हणून दर मिनिटा-दोन मिनिटांची रडारची मोजणी प्रारूपात घालायची खटपट मला मोलाची वाटते. तिच्याने सगळं सुटतं असं नाही. नकाशा बसवताना तीही थोडी गुळगुळीत होतेच. पण सुपरडार्नच्या नकाशात एक प्रामाणिकपणा आहे. मोठमोठी वळणं ध्रुवभर काढलेली असतात, आणि प्रत्यक्ष प्रतिध्वनी जिथून आला तिथेच शेपटीवाले बारीक ठिपके. काही दिवशी ठिपक्यांची गर्दी असते. काही दिवशी सुबक वळणांखाली मोजून दहा-बारा.