आधी आपले वावर निंदू या



दर तीन वर्षांनी, सामान्य काळातील सोळाव्या रविवारी आपण निंदणाचा दाखला ऐकतो (मत्तय १३:२४-३०). हा रविवार नेहमी जुलैत येतो. त्या दिवसांत नरखेड तालुक्यात वावरोवावरी निंदण आणि डवरणी सुरू असते. म्हणून आपल्या शेतकऱ्याला प्रश्न पडतो : "निंदण उपटू नका," असे मालक नोकरांना का सांगतो? आपण तर पेरणीनंतर वावर स्वच्छ ठेवायला धडपडतो. नाहीतर कपाशी, सोयाबीन मागे पडते आणि संत्र्याला घातलेले खत गवतच खाऊन टाकते.

उत्तर त्या गवतातच आहे. पॅलेस्टाईनमध्ये गव्हात उगवणारे हे निंदण कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. ओंबी येईपर्यंत फरक कळत नाही आणि तोवर दोघांची मुळे गुंतलेली असतात. प्रभू येथे माणसांविषयी बोलत आहे. शेजाऱ्याच्या अंतःकरणात गहू किती आणि निंदण किती, हे आपल्याला दिसत नाही. ती कापणी देवाची आहे.

स्वतःच्या अंतःकरणाची गोष्ट मात्र वेगळी. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढा, असे प्रभूच सांगतो. तेथे उशीर चालत नाही.

गाजरगवताचे उदाहरण घ्या. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. आज ते रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, सगळीकडे आहे. कारण एकेका झाडाला हजारो बिया धरतात. जाणता शेतकरी ते फुलावर येण्याआधीच, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटतो. बी गळल्यावर कापून काय उपयोग? रागाचा शब्द, खोटी चहाडी, यांचेही असेच आहे. मनात आले तेव्हाच उपटावे.

हराळीची तऱ्हा वेगळी. वरून कितीही कापा, जमिनीत एक काडी राहिली तरी ती पुन्हा फुटते. दारूची सवय आणि जुनी अढी ही हराळीच. तिला खोल खणावे लागते, पुन्हा पुन्हा. म्हणूनच ख्रिस्तसभेने प्रायश्चित्त संस्कार आयुष्यात एकदाच नव्हे, वारंवार घ्यायला सांगितले आहे.

आणखी एक जागा राहते : दोन भावांच्या वावरांमधला धुरा. थोरला म्हणतो, धाकट्याने साफ करावा. धाकटा म्हणतो, थोरल्याने. मग तेथे बाभळी आणि रायमुनिया माजतात, सापाला आणि रानडुकराला आडोसा मिळतो. बी मात्र दोन्हीकडे पडते. कित्येक घरांत वाटणीपासूनचा अबोला असाच वाढला आहे. त्याचे काटे आता मुलांच्या पायांत मोडतात. वेदीवर अर्पण आणताना भावाची आठवण झाली, तर आधी जाऊन समेट करा, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). चूक कोणाची, हे तो विचारत नाही.

धुऱ्यावर पहिला विळा कोणी चालवावा? ज्याने आज हे ऐकले, त्याने. पुढच्या रविवारी मिस्साला येण्याआधी भावाच्या घरी जाऊन या. शक्य झाले तर दोघे मिळून धुरा साफ करा.

हे प्रभो, दुसऱ्यांच्या बाबतीत आम्हाला धीर दे आणि स्वतःच्या बाबतीत तत्परता दे. आमेन.