कच्चा हात आणि परके घर

धंदा कोठे शिकावा, असे कोणी विचारले तर गुरूच्या घरी किंवा शाळेत, असे उत्तर आपण सहज देतो. अनुभव मात्र निराळा आहे. शिकाऊ न्हाव्याचा हात कोणाच्या तरी डोक्यावरच बसावयाचा. नव्या वकिलाचे पहिले भाषण कोणा पक्षकाराच्या हिताहिताशी बांधलेलेच असावयाचे. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही हे खरे; पण येथे पाण्यात पडणारा एक आणि बुडण्याचे भय दुसऱ्यास, अशी स्थिती असते, व तो दुसरा त्याबद्दल दामही मोजीत असतो. परक्याच्या पैशावर आणि परक्याच्या जोखमीवर अशी विद्या संपादणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे जमलेल्या संतमंडळींत मुक्ताबाईने कुंभाराच्या थापटण्याविषयी पृच्छा केली, गोरोबांनी त्या थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले आणि नामदेवांस कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. नामदेव रागावले, पण पुढे औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. या कथेचा पारमार्थिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. आपल्या प्रश्नापुरते तिच्यातून एवढेच घ्यावे की, कच्चे असणे हा मडक्याचा दोष नव्हे. प्रत्येक पक्के मडके एके काळी कच्चेच होते. कच्चे मडके पक्के म्हणून बाजारात मांडणे हा मात्र विकणाऱ्याचा दोष होय. यावरून कोणी असे अनुमान काढील की, 'मी हे काम प्रथमच करीत आहे' असे शिकणाऱ्याने उघड सांगितले व देणाऱ्याने ते जाणून मान्य केले, म्हणजे नीतीचे समाधान झाले. ते खरोखर झाले काय, हे पाहण्यास याच जिल्ह्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांचा घात त्यांच्या घरांनीच केला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही या भागातील घराची रीत. भिंतीची दोन्ही तोंडे उत्तम रचलेली, मध्ये चिपा आणि माती भरलेली. पण दोन्ही तोंडांना आरपार बांधून ठेवणारा दगड क्वचितच. ही घरे बांधणारे गवंडी आळशी किंवा अप्रामाणिक नव्हते. उन्हाळ्यात गारवा देणारी भिंत त्यांना उत्तम साधली होती. धरणीकंपाचा धडा तेवढा त्यांच्या पाठात नव्हता.

1994 साली शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. जी गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली होती ती नव्या जागी वसविण्यात आली. परंतु इतर गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून करून घ्यावे, असे ठरले. भिंतीत आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सबंध घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरविणे, कोपरे सळ्यांनी सांधणे, माळवदावरील मातीचा भार हलका करणे, ही सारी कामे गवंड्यांना नवीन होती. त्यांना अल्पकालीन शिक्षण मिळाले खरे. पण हात बसला तो प्रत्यक्ष घरांवर, आणि मजुरी दिली ती त्या घरात निजणाऱ्यांनी.

येथे केवळ उघड बोलण्याने भागले असते काय? भागले नसते, असे मला वाटते. न्हाव्याची चूक आरशात तत्काळ दिसते. भिंतीच्या पोटात दगड आडवा घातला की नाही, हे गिलावा झाल्यावर कोणास दिसत नाही, आणि त्याची परीक्षा पुढचा भूकंप घेणार. ज्याला काम पारखताच येत नाही त्याने दिलेली संमती ही संमती खरी, पण ती डोळे झाकून दिलेली. म्हणून त्या योजनेत दोन गोष्टींना मोल होते. एक, काम पाहून मगच पुढचा हप्ता सोडणारा अभियंता, म्हणजे गोरोबांचे थापटणे हाती असलेला तिसरा माणूस. दुसरी, गावोगावच्या स्त्रियांमधून निवडलेल्या 'संवाद सहायक'. घर सुरक्षित कसे होते, गवंड्यास काय विचारावे, हे त्या घरोघर समजावून सांगत. गवंडी शिकत असता घरधनीणही शिकत होती. मग तिच्या होकाराला अर्थ आला.

यावर आक्षेप येईल की, इतके सोवळे पाळणाऱ्या नवशिक्यास काम देणार कोण? मुरलेले लोक आपले अज्ञान झाकून कमावतात; यानेच तेवढे उपाशी राहावे काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच सगळा भार शिकणाऱ्यावर टाकणे मला मान्य नाही. जो अनुभवी माणूसच हवा म्हणतो, त्याने ध्यानात घ्यावे की, त्या अनुभवी माणसालाही पहिले काम कोणी तरी दिलेच होते. नवशिक्यास काम देणे हा समाजाचा धर्म आहे. मात्र ज्या कामातील चूक उसवून पुन्हा शिवता येते ते त्याच्या एकट्याच्या हाती द्यावे, आणि जेथे ती एखाद्याच्या जिवावर बेतेल तेथे जाणत्याची नजर असल्यावाचून देऊ नये. उसवलेले पुन्हा शिवण्याची मजुरी शिकणाऱ्याने मागू नये. आपल्या शिक्षणाची फी त्याने तेवढी तरी भरावी.

ज्याच्या घरावर आपला हात बसला, त्याचे ऋण पुरे पैशाने बहुधा फिटत नाही. उद्या कोणी कच्चा पोरगा आपल्या दाराशी काम मागावयास आला, तर त्याला आत घेऊन त्याच्याजवळ उभे राहावे. ते ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी दिसत नाही.