मागच्यासाठी लावलेला दिवा

मोटारीच्या पुढील दिव्यांनी आपला आपल्यालाच रस्ता दिसतो. म्हणून त्यांपैकी एखादा विझला की चालविणाऱ्याच्या ध्यानात ते तत्काळ येते व तो स्वार्थासाठीच तो दुरुस्त करून घेतो. मागील तांबड्या दिव्याची गोष्ट निराळी आहे. ब्रेकच्या पट्टीवर पाय पडताच पट्टीजवळची एक लहानशी कळ जुळते, मागील बल्बातील तार तापून उजळते आणि ‘ही गाडी आता मंदावत आहे’ ही वर्दी मागच्या मनुष्यास मिळते. चालविणारा स्वतः हा दिवा जन्मभर पाहत नाही. तो विझला तरी गाडी पूर्वीइतकीच चांगली चालते, ब्रेकही तितकाच लागतो आणि आपल्या प्रवासात काही उणे पडल्याचे आपणांस कळतही नाही. ज्याच्या अभावाने आपले काहीच अडत नाही अशा वस्तूची काळजी मनुष्य कितपत घेतो, हा प्रश्न क्षुद्र वाटेल. पण मध्यंतरी तो आमच्यापुढे जरा अवघड रूपाने उभा राहिला.

आमची गाडी जुनी आहे. हल्लीच्या गाड्यांस मागील काचेजवळ जो तिसरा दिवा असतो, तो तिला नाही. एके दिवशी सिग्नलपाशी उभे असता एका अपरिचित स्कूटरस्वाराने काचेवर टिचकी मारून सांगितले, “काका, तुमचा डावीकडचा ब्रेकलाइट लागत नाही.” आम्ही मान डोलावली, आणि खरे सांगावयाचे तर कृतज्ञतेपूर्वी किंचित राग आला, जसा भर सभेत कोणी आपल्या अंगरख्याचे निघालेले बटण दाखविल्यावर येतो. उजवा दिवा तर आहेच, या समजुतीवर पुढे दोन आठवडे गेले. त्या अवधीत आम्ही गाडीस दोनदा पेट्रोल भरले, एकदा ती धुवविली, आणि आत एक नवा आरसाही बसविला!

नंतर एका संध्याकाळी कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूरच्या बाजूस उतरत असता वळणावर एक म्हैस आडवी आली. आम्ही ब्रेक दाबला. मागून घसरल्याचा आवाज आला. उतरून पाहतो तो एक तरुण आपल्या मोटारसायकलीखालून पाय सोडवीत होता. गुडघा खरचटला होता, विजार फाटली होती. दैवयोगाने याहून अधिक काही झाले नव्हते. आमच्या गाडीस त्याचा स्पर्शही झाला नाही. तो उठला आणि हात जोडून म्हणाला, “सॉरी काका, माझं लक्ष नव्हतं. तुम्ही थांबताय हे कळलंच नाही.” आम्ही वडीलकीच्या सुरात “जरा अंतर ठेवून चालवत जा बाबा” असा उपदेश केला, पाण्याची बाटली दिली, आणि तो निघून गेला. घरी आल्यावर दिवेलागणीच्या वेळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावली, ब्रेक दाबून मागे पाहिले, तो भिंतीवर तांबडा उजेड मुळीच नव्हता. उजवा दिवाही केव्हा तरी गेला होता.

त्याच्याकडून क्षमायाचना आम्ही स्वीकारली. ती वस्तुतः आमची होती.

कोणी म्हणेल, अंतर राखणे हे मागच्याचे कर्तव्यच आहे. आहेच. परंतु ज्या काळी थांबण्याची खूण खिडकीतून हात काढून करीत, त्या काळी पुढचा खूण करीलच असे मागचा गृहीत धरीत नसे. आता दिवा सर्वत्र झाला आहे. म्हणून दिवा न लागणे हे मौन राहिलेले नाही. ‘मी थांबत नाही’ असे ते स्पष्ट विधान होते, आणि आमच्या गाडीने ते खोटे विधान किती दिवस केले कोण जाणे. याच घाटात शिवछत्रपतींच्या लोकांनी बैलांच्या शिंगांस पलिते बांधून पाठलाग करणाऱ्यांस चकविले अशी आख्यायिका आहे. पण ते पाठलाग करणारे शत्रू होते. हा तरुण बहुधा कामावरून घरी चालला होता.

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीमुळे इजा झाली असता दंड कोणास व केव्हा करावा याची चर्चा आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, तर दंड नाही. आणि गाडीवानाने ‘बाजूला हो’ असे ओरडून सांगितले असेल तरीही नाही. ते ओरडणे म्हणजेच त्या काळचा ब्रेकलाइट! दिवा जाणे हे वेसण तुटण्यासारखे मानले तर आम्ही निर्दोष ठरतो. पण वेसण झिजली आहे असे वाटेत कोणी सांगितले असता तीच बांधून दोन आठवडे फिरणाऱ्यास ही सवलत मिळावी काय? आमच्या मते मिळू नये. अज्ञान हे निमित्त तोवरच, जोवर कोणी काचेवर टिचकी मारलेली नाही.

बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनी 1976 साली ‘नैतिक दैव’ या विषयाचा ऊहापोह केला. ब्रेकची तपासणी लांबणीवर टाकणारे दोन चालक. एकाच्या वाटेत मूल आडवे येते, दुसऱ्याच्या येत नाही. चूक एकच असता एकाच्या माथी आयुष्यभराचा डाग का? आम्हांस या प्रश्नाची उलट बाजू अधिक बोचते. ज्याच्या वाटेत कोणी आले नाही, त्यास आपण निर्दोष आहोत असे वाटत राहते, आणि ते वाटणे खोटे असते. त्या तरुणाचा गुडघा खरचटला एवढ्यावरच निभावले, यात आमचे कर्तृत्व काहीच नाही.

एका दिव्याने असा कितीसा फरक पडतो, असाही तर्क मनात आला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर 1974 साली मध्यभागी जास्तीचा दिवा लावून पाहिला, तेव्हा मागून बसणाऱ्या धडका सुमारे 60 टक्क्यांनी घटल्या. 1986 पासून नव्या मोटारींस तो सक्तीचा झाल्यावर व डोळ्यांस त्याची सवय झाल्यावर ही घट अखेर 4.3 टक्क्यांवर स्थिरावली. आकडा लहान आहे. पण त्या चार टक्क्यांत एखादा मोटारसायकलवाला असू शकतो, हे आता आम्हांस अमूर्त वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बल्ब आणले. दोन्ही मिळून एका वेळच्या चहाफराळाइतका खर्च. मेकॅनिककडे जाण्याचे मनात होते, पण हे काम आपल्याच हातून व्हावे असे वाटले. डिकी उघडून आतील आच्छादन सरकविले, बल्बाची बैठक थोडी फिरवून बाहेर काढली. जुन्या बल्बाची काच आतून काळवंडली होती व तार तुटून लोंबत होती. या बल्बात दोन तारा असतात. पाच वॅटची रात्रभर मंद जळते, एकवीस वॅटची फक्त ब्रेक दाबल्यावर. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बल्बाच्या बुडाशी दोन खुंट्या मुद्दाम कमीजास्त उंचीवर ठेवलेल्या असतात. उलटा बसवू गेल्यास तो बसतच नाही. ज्याने ही युक्ती योजिली त्याने आमच्यासारख्या घाईच्या माणसाचा आधीच विचार केला होता! बैठकीतील पितळेवर हिरवा थर चढला होता तो खरवडला, बल्ब दाबून फिरविला आणि डिकी लावली.

आता मागे उभे कोणी राहावयाचे? धाकट्या मुलीस बोलाविले. ती “लागला, बाबा, दोन्ही लागले!” असे ओरडली, मग जवळ येऊन म्हणाली, “पण तुम्हाला तर दिसतच नाहीत.” तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आम्ही गाडी कुंपणाच्या भिंतीकडे पाठ करून लावतो, ब्रेक दाबतो, आणि आरशातून भिंतीवरचे दोन तांबडे ठिपके मोजतो. त्या तरुणाचा पत्ता त्या दिवशी विचारून ठेवला नाही. आपलेच चुकले असे तो अजून समजत असेल.