कोणाच्या नावाने पाणी सोडायचं?

भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढे पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. बहुतेक जण ते वाचतात आणि थेट दुसऱ्या दिवशीच्या सर्वपित्रीकडे वळतात. ज्यांच्या घरात कोणी शस्त्राने, अपघाताने किंवा कुणाच्या हातून गेलं असेल, तेवढीच घरं त्या दिवशी गुरुजींना बोलावतात. मी भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहतो आणि भिक्षुकी करतो. आमच्याकडे या तिथीला सर्वांत जास्त बोलावणी येतात ती रुळांवर गेलेल्यांच्या घरून. रूळ ओलांडताना गेलेला मुलगा, गर्दीच्या लोकलच्या दारातून हात सुटलेला नवरा. म्हणून ही तिथी माझ्या दृष्टीने वर्षातली फार जड तिथी आहे.

अशाच एका चतुर्दशीला शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी पाट मांडून झाल्यावर माझ्यासमोर वहीचा फाडलेला कागद ठेवला. त्यावर पाच नावं होती. “गुरुजी, ही आमच्या घरातली नाहीत. माझ्या माहेरकडची आहेत, पालघरची. गोळीबारातली. घ्याल का?”

कागदावर लिहिलं होतं: गोविंद गणेश ठाकूर, नांदगाव. काशिनाथ हरी पागधरे, सातपाटी. रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, पालघर. रामचंद्र महादेव चुरी, मुरबे. सुकुर गोविंद मोरे, सालवड.

मी सवयीने विचारलं, “गोत्र?” त्या म्हणाल्या, “ते नाही ठाऊक. गाव ठाऊक आहे.”

तर्पण ही फार साधी क्रिया आहे. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं, अपसव्य करायचं, दक्षिणेकडे तोंड करायचं, हातात दर्भ आणि काळे तीळ घ्यायचे आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधून पाणी सोडायचं. पण एका गोष्टीवाचून ही क्रिया होतच नाही, आणि ती म्हणजे नाव. कोणाला पाणी देतो आहे ते उच्चारावं लागतं, नातं सांगावं लागतं, गोत्र सांगावं लागतं. घरच्या मृतांना एक ओंजळ ढिगाने देता येत नाही. वडिलांना वेगळं, आजोबांना वेगळं, मामांना वेगळं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची सोय शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. नाव माहीत असताना ते गाळायची सोय मात्र कुठेही केलेली नाही.

त्या दिवशी मी पाचही नावं घेतली, गोत्र काश्यप म्हणून. यजमानांनी पाणी सोडलं. रक्ताचं नातं नसताना हे चालतं का, असं नंतर एकांनी मला विचारलं. चालतं. माघ शुद्ध अष्टमीला आपण भीष्मांना पाणी देतो. भीष्म आपल्यापैकी कोणाचेच आजोबा नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचे झाले. तर्पणाच्या शेवटी ओलं वस्त्र पिळून जे पाणी पडतं, ते कुळातल्या निपुत्रिकांसाठी असतं. महालयात धर्मपिंड असतो, तो ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी. आपल्या धर्माने परक्या मृतासाठी दार उघडं ठेवलेलं आहे. आपणच त्या दाराशी फारसे जात नाही.

नंतर एकदा मी मुद्दाम पालघरला जाऊन आलो. विरारला गाडी बदलली, डहाणू लोकल पकडली, वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. तिथे हुतात्मा स्तंभ आहे, त्या नाक्याला लोक पाचबत्ती म्हणतात. १४ ऑगस्ट १९४२, शुक्रवार. ‘छोडो भारत’ची हाक मुंबईत देऊन आठवडाही झाला नव्हता. श्रावण नुकताच लागला होता. नारळी पौर्णिमा यायची होती, म्हणजे सातपाटी-मुरब्याच्या होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्याच असणार. गावागावांतून माणसं झेंडे घेऊन निघाली आणि पालघरच्या कचेरीवर आली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले.

त्या कागदावर प्रत्येक नावापुढे गाव होतं, याचं मोल मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. नांदगाव, सातपाटी, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर. पाच माणसं पाच ठिकाणांहून आली होती. गोळीबार एका ठिकाणी झाला, पण सुतक पाच ठिकाणी लागलं. ‘पालघरचे पाच हुतात्मे’ असं एकदमच म्हणून टाकलं की ही पाच घरं दिसेनाशी होतात.

हुतात्मा म्हणताना आपण गृहीत धरतो की त्या माणसाने मरण समजून-उमजून पत्करलं. काहींनी तसं पत्करलंही. पण गर्दीत मागे उभा असलेला, आवाज झाल्यावर पळायला वळलेला, शेजाऱ्याबरोबर नुसता बघायला आलेला, त्याचं काय? जाहीर सभेत हा प्रश्न कोणी काढत नाही, काढणाऱ्याकडे लोक रागाने बघतात. महाभारतात मात्र तो काढलेला आहे. स्त्रीपर्वात युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले आणि ते कोणत्या गतीला गेले? युधिष्ठिर आकडा सांगतो: एक अब्ज सहासष्ट कोटी वीस हजार. शिवाय ज्यांचा पत्ता लागला नाही असे वीर चोवीस हजार एकशे पासष्ट. आणि गती सांगताना तो भेद करतो. आनंदाने देह टाकणारे इंद्रलोकी गेले. मरायचंच आहे म्हणून खिन्न मनाने लढलेले गंधर्वांकडे गेले. पाठ फिरवताना, जीवदान मागताना शस्त्राने पडले ते गुह्यकांकडे गेले.

या शेवटच्यांपाशी मी दर वेळी थांबतो. पळताना मेलेल्यालाही तिथे जागा आहे. मेल्यावर मिळालेले लोक वेगळे असतील, पण यादीतून कोणी वगळलेला नाही. त्यानंतर धृतराष्ट्र विचारतो, ज्यांना कोणी नाही त्यांचं काय? त्यावर युधिष्ठिर सुधर्मा, धौम्य, संजय, विदुर यांना आज्ञा करतो की एकाही देहाची अनाथासारखी आबाळ होता कामा नये, सगळ्यांची कर्मं करा. मग सगळे गंगेवर पाणी द्यायला जातात.

अब्जांचा आकडा सांगून झाल्यावरही खरी उलथापालथ होते ती एका नावाने, आणि ती त्या गंगेवरच होते. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा कुंती म्हणाली, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. जन्मभर लपवलेली गोष्ट तिला आणखी लपवता आली नाही, कारण पाणी द्यायचं तर नाव आणि नातं सांगणं आलं. युधिष्ठिराला विजयापेक्षा ते एक नाव जड झालं.

म्हणून मला आकड्यांचा धीर वाटत नाही. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला किती मेले? हंटर समितीने ३७९ म्हटलं, काँग्रेसच्या चौकशीने त्याहून पुष्कळ जास्त. वाद आकड्याचा झाला आणि आजही होतो. इकडे आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोद्याकडच्या डोंगरात रावलापाणी आहे. संत गुलाम महाराजांनी तिथल्या भिल्ल आदिवासींना दारू सोडायला, स्नान करायला, आरती करायला, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारायला शिकवलं. १९३८ मध्ये ते गेले, मग त्यांचे बंधू रामदास महाराज पुढे झाले. सरकारला आरतीला जमणारी ती गर्दी नको होती. २ मार्च १९४३ ला रावलापाणीच्या नाल्यात त्या भक्तांवर गोळ्या झाडल्या. खडकांवरच्या गोळ्यांच्या खुणा लोक आजही दाखवतात. वर्तमानपत्रं या जागेला ‘महाराष्ट्राचं जालियनवाला’ म्हणतात. हेतू चांगला आहे, दूरच्या वाचकाला चटकन समजावं एवढाच. पण त्या उसन्या नावाखाली आरती दिसत नाही, ‘आप’ दिसत नाही, गुलाम महाराज दिसत नाहीत. एखाद्याच्या श्राद्धाला दुसऱ्याच घराण्याचं गोत्र उच्चारावं, तसं मला ते वाटतं. रावलापाणीला रावलापाणीच म्हणावं.

आणि कोणाचे मृत कोणी मोजायचे? पालघरहून त्याच रुळांनी पुढे गेलं की तलासरीचा मुलूख लागतो. १० ऑक्टोबर १९४५ ला तलासरीजवळच्या तलवाड्याला वारली जमले होते. वेठबिगारी सोडलेले, गवतकापणीला योग्य मजुरी मागणारे लोक. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, पाच जण मेले. त्यांत जेठ्या गांगड होते. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. तिथे दर वर्षी लाल झेंड्याखाली त्यांना अभिवादन होतं. एका सुशिक्षित यजमानांनी मला सांगितलं, “ते स्वातंत्र्याचे नव्हेत गुरुजी, ते सावकार-जमीनदारांविरुद्धच्या भांडणातले.” मी म्हटलं, गोळी कोणाच्या पोलिसांची होती? स्वातंत्र्य कशापासून हवं हे पालघरच्या माणसाने एका शब्दात सांगितलं असेल, वारल्याने दुसऱ्या. वेठीला जुंपलेल्या माणसाला राज्य कोणाचं आहे हे जमीनदाराच्या ओटीवरूनच कळतं. मी ज्यांची नावं घेतो त्यांत जेठ्या गांगड आहेत. वारल्यांचे त्यांच्या मृतांसाठीचे विधी वेगळे आहेत, त्यांत मी हात घालत नाही. पाणी देण्याचा अधिकार त्यांच्या माणसांचा. नाव घेण्याला मात्र मला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही.

आता रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. आमच्या मीरा-भाईंदरात भाषेवरून माणसं रस्त्यावर आली ते साऱ्या देशाने पाहिलं. माझी भाषा मराठी, तिचा मान राखला जावा असं मलाही मनापासून वाटतं. पण ताईंच्या कागदावर ठाकूर, पागधरे, चुरी, मोरे यांच्या मधोमध तिवारी आहेत, आणि गाव ‘पालघर’ लिहिलं आहे. माझ्या यजमानांत उत्तरेकडची घरंही आहेत. त्यांतल्या एका आजोबांना मी हे नाव सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाकीची चारही नावं मला विचारून लिहून घेतली, आपल्या हाताने, देवनागरीत, गावांसकट.

सगळ्यांत अवघड प्रश्न मला चिरनेरने घातला. उरण तालुक्यात, अक्कादेवीच्या डोंगरावर, २५ सप्टेंबर १९३०. जंगल सत्याग्रह. माझ्या हिशेबाने ती आश्विनातली तृतीया येते, म्हणजे सर्वपित्री होऊन तीनच दिवस झालेले, घरोघर घट बसलेले. गावोगावचे आगरी, कोळी, कातकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन राखीव जंगलाचा कायदा मोडायला डोंगरावर गेले. गोळीबारात आठ जण गेले. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी आणि त्यांचे सोबती. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मामलेदार केशव जोशी हेही मारले गेले. सरकारी बाजूचा माणूस. सरकारने दंगल म्हणून खटला भरला तो सत्याग्रहींवर.

उरणकडचं मूळ असलेल्या एका गृहस्थांच्या घरी मी चिरनेरची नावं घेतली आणि नववं म्हणून केशव जोशी घेतलं. त्यांचा हात ओंजळीसकट थांबला. “गुरुजी, हा सरकारचा माणूस. माझ्या आजाच्या भावकीवर गोळ्या घालणाऱ्यांच्या बाजूचा. त्याला माझ्या हाताने पाणी?”

त्यांचा राग मला समजतो आणि मी तो हलका मानत नाही. मारणाऱ्या सत्तेची नोकरी करणं आणि मारलं जाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्तंभावर आठच नावं असावीत, हे माझंही मत आहे. स्तंभ हा मानाचा असतो, आणि मान कोणाला द्यायचा हे निवडावंच लागतं. तर्पण मानाचं नसतं. गंगेवर युधिष्ठिराने दुर्योधनाच्या बाजूच्यांनाही पाणी दिलं, तेव्हा त्याने त्यांचा अधर्म माफ केला नव्हता. मेलेला माणूस तहानलेला असतो, एवढंच त्या क्रियेचं म्हणणं आहे. तो कोणाच्या बाजूने मेला हे ती विचारत नाही.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी मला परतही पाठवलं नाही. बरीच चर्चा झाल्यावर म्हणाले, “घ्यायचंच असेल तर त्या आठांच्या ओळीत नको. त्यांचं पूर्ण झाल्यावर मला आचमन करू द्या, मग घ्या. आणि पाणी तुम्ही सोडा, मी नाही.” आता त्यांच्या घरी तसंच होतं. आठ नावांना ते स्वतः पाणी सोडतात, एकेकाचं गाव उच्चारून. मग आचमन करून बाजूला बसतात. नववं नाव मी घेतो.