सोळा तासांवरचा दादा

गुगलला 'मुंबई ते न्यूअर्क' विचारलं की लगेच उत्तर येतं: सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने साधारण १६ तास. न्यू जर्सीतल्या त्या विमानतळावरून इकडे येताना वारा पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास कमी लागतो. बाबा गेले त्या रात्री पुण्याहून साताऱ्याला जाताना मी गाडीत हेच शोधत होतो. मग दादाला फोन केला. म्हणालो, "पंधरा तास तर लागतात. ये, आम्ही थांबतो."

तो आला नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली होती. बाहेर पडला असता तर नवा शिक्का मिळेपर्यंत इकडेच अडकला असता. बायको आणि मुलगी तिकडे. बाबांचं सगळं त्याने मोबाईलवर पाहिलं. तेही मधूनमधून, कारण स्मशानात रेंज नव्हती. काका विचारत होते, "थोरला नाही आला?" मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातच मी निकाल देऊन टाकला होता.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने. त्या अमेरिकेत असताना इकडे कोणी गेलं असतं, तर 'आली का नाहीस' असं त्यांना कुणी विचारलं नसतं. प्रश्नच निघाला नसता. तो विमानाने निर्माण केला.

कांटच्या नावाशी जोडलेलं एक तत्त्व आहे: एखादी गोष्ट 'केलीच पाहिजे' असं म्हणायचं, तर ती करता येण्याजोगी असली पाहिजे. आपण ते सरळ उलटं करून वापरतो. येता येतं ना, मग आलंच पाहिजे. आणि 'येता येतं' हे ठरवतो कशावरून, तर स्क्रीनवरच्या एका आकड्यावरून. तो आकडा एका धावपट्टीपासून दुसरीपर्यंतचा. आयत्या वेळच्या तिकिटाची किंमत त्यात नाही, मुंबई ते सातारा हे अडीचशे किलोमीटर नाहीत, व्हिसा तर नाहीच. (शेजारच्या देशाने आकाश बंद केलं की वळसा पडून तो आकडाही बदलतो, ते वेगळं.)

दादाला मी पूर्ण सोडत नाही. व्हिसा धड होता तेव्हाच्या दोन दिवाळ्याही त्याने चुकवल्या होत्या. तेव्हाचं 'जमत नाहीये' आणि त्या रात्रीचं 'जमत नाहीये' फोनवर सारखंच ऐकू आलं, त्यात माझी तरी काय चूक, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

परवा फोनवर हे सगळं एकदाचं निघालं. तो चिडला नाही. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "पुणे-सातारा किती रे?"

"एकशेदहा किलोमीटर. अडीच तास."

"मग बाबा असताना तू शेवटचा कधी गेला होतास?"

गणपतीत. बाबा गेले फेब्रुवारीत.